रेघेच्या अलीकडचं हसू

१

दुकानदाराने काचेवर दोन कॅमेरे शेजारी शेजारी मांडले आणि दोन स्थळांबद्दल बोलावं तसा तो बोलू लागला.

"हा दिसायला देखणा. मेगापिक्सेल भरपूर, खिशात मावतो. पण झूम बेताचं. आणि हा जरा अंगाने भरलेला आहे, पण भिंग बघा." त्याने बटण दाबलं तशी कॅमेऱ्याच्या पोटातून नळी हळूहळू बाहेर आली, कासवाने मान काढावी तशी. "कशाला हवाय ताई? फिरायला जाताय?"

"मुलीचे फोटो काढायला."

"मग मोबाइल काय वाईट आहे?"

हाच प्रश्न नवऱ्यानेही विचारला होता. उत्तर तयार होतं, पण ते तोंडावाटे काढायची लाज वाटत होती. मोबाइल घेऊन जवळ गेलं की मुलगी थिजायची. खरं तर मोबाइलचा दोष नव्हता. आई नुसती जवळ गेली तरी थिजायची. रडणं नाही, पळणं नाही. अडीच वर्षांचं ते पोर फक्त चेहरा मिटून घ्यायचं, दुकानाचं शटर ओढावं तसा. लाकडी बाहुलीसारखी गंभीर म्हणून बापाने लाडाने तिचं नाव 'ठकी' पाडलं आणि ते रुळलं. सासूबाई दर रविवारी फोनवर विचारायच्या, "हसते का गं आता?" ताप उतरला का विचारावं, त्याच आवाजात.

"ती लांबून चांगली दिसते," ती दुकानदाराला म्हणाली आणि लगेच तिने जीभ चावली. स्वतःच्या मुलीबद्दल असं कोण बोलतं?

दुकानदार मात्र खूश झाला. "सगळीच पोरं लांबून चांगली दिसतात हो. माझी तर पलीकडच्या गल्लीतून फारच गोड दिसतात." मग त्याने पडद्यावरच्या एका बारीक पट्टीवर नख ठेवलं. "आता हे नीट ऐका. झूम केलं की ही पट्टी सरकते. मधे ही रेघ आहे, बघितलीत? रेघेच्या अलीकडे आहात तोवर भिंग काम करतं. जे आहे तेच जवळ आणतं. रेघ ओलांडलीत की डिजिटल. म्हणजे कॅमेरा पदरचं घालतो, अंदाजाने जागा भरतो. पलीकडे जाऊन काढाल आणि मग माझ्या नावाने ओरडाल, तसं नको."

"आणि हे हसऱ्या तोंडाचं चित्र?"

"ती गंमत आहे. चक्री इथे ठेवली की बटण दाबायचंच नाही. समोरचा हसला की फोटो आपोआप. हसेपर्यंत कॅमेरा गप्प."

"आणि कोणी हसलंच नाही तर?"

"अहो, न हसणारं माणूस असतं का कुठे?"

तिने अंगाने भरलेला घेतला.

२

एका प्रकाशनसंस्थेत ती मुद्रितं तपासायची. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा तिला पगार मिळे. स्वतःच्या ती फुकटात शोधी. लाल पेन्सिल अंबाड्यात खोचायची सवय इतकी जुनी होती, की कधी कधी झोपतानाही ती काढायची राहून जाई.

कॅमेऱ्याची माहितीपुस्तिकाही तिने तशीच वाचली, चुका काढत. मग शब्दकोशांची चळत रचून त्यावर कॅमेरा ठेवला, चक्री हसऱ्या तोंडावर नेली आणि घरातल्यांना एकेक करून समोर बसवलं.

नवरा बसला आणि काही सांगायच्या आत कॅमेरा वाजला. त्याचा चेहराच तसा. मग मावशी. मावशी म्हणजे दिवसा ठकीला सांभाळायला येणाऱ्या बाई. गुडघे दुखतात म्हणून त्या कायम स्वयंपाकघरातल्या उंच खुर्चीवर बसायच्या. "अगंबाई, माझा कशाला? आहे काय या थोबाडात," म्हणत त्यांनी तोंडावर हात धरला. हाताआडून निसटलेलं हसूही कॅमेऱ्याने टिपलं.

मग ती बसली. हसली. कॅमेरा गप्प.

"आणखी हस," नवरा म्हणाला.

"हसतेय की."

"अगं, हे हसणं नाही. दातांच्या डॉक्टरने आ करायला सांगितलंय असं वाटतंय."

तिने गालांना रग लागेपर्यंत ओठ ताणले. पुस्तिकेत हसण्याच्या तीन पायऱ्या होत्या, खळखळून, नेहमीचं आणि किंचित. तिने 'किंचित' लावून पाहिलं. तरी नाही. "बिघडलेला असेल," नवरा म्हणाला, तिच्या खांद्यावरून वाकून स्वतः हसला, आणि खट्! फोटोत तो प्रसन्न होता. त्याच्याखाली ती, कुणाच्या तरी ओळखपत्रावरून कापून चिकटवल्यासारखी.

ठकीला समोर बसवायचं धाडस तिने केलंच नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर निघताना तिने कॅमेरा ठकीच्या खोलीतल्या फळीवर ठेवला, कापडी अस्वल आणि सशाच्या मधे, तोंड पलंगाकडे करून. वायर भिंतीतल्या सॉकेटला लावली. मावशींवर नजर ठेवायला नव्हे. नजर ठेवायची असती तर सरळ चित्रीकरणच नसतं का लावलं? पोरीचं एखादं हसू मिळावं, एवढंच. असं तिने स्वतःला समजावलं. पण मग वायरवर शाल का पसरली, ते काही समजावता आलं नाही.

३

संध्याकाळी कॅमेऱ्यात फोटोच फोटो होते.

ठकी हसत होती. ओठांच्या कडेने नव्हे, अख्ख्या अंगाने. डोळे मिटून, मान मागे टाकून, उशीवर लोळून. आई पलंगाच्या कडेवर बसून एकेक फोटो पुढे सरकवत होती आणि तिला हुंदका आवरेना. ठकीचा खालचा एक दात वाकडा आला होता. पोटच्या पोरीचा वाकडा दात तिला फोटोतून कळला.

पुन्हा पहिल्यापासून पाहताना मात्र ती संथ झाली. मुद्रित तपासण्याचा नियमच आहे, पहिल्या वाचनात मजकूर दिसतो, चूक दुसऱ्या वाचनात.

प्रत्येक फोटोत ठकी एकाच जागी बघत होती. पलंगाच्या पायथ्याशी, जरा वर. कुणी तिथे बसलं तर त्याचा चेहरा येईल एवढ्या उंचीवर. मावशी पलंगावर कधीच बसत नसत. एवढ्या खाली बसलं की उठवायला दोन माणसं लागतात, असं त्याच म्हणायच्या. एका फोटोच्या कडेला बाहीचा तुकडा आला होता. मोहरीच्या रंगाची बाही, आणि मनगटाशी अर्धं तुटलेलं बटण.

तिचा गाऊन. घरात घालायचा.

तो न्हाणीघराच्या दारामागच्या खुंटीला होता, सकाळी लटकवला तसाच. तिने बाही हातात घेतली. ती उबदार होती, आत्ताच कुणी अंगातून उतरवल्यासारखी. पण भिंतीपलीकडून गरम पाण्याचा नळ जातो, तेव्हा ऊब येणारच. कारण पटण्याजोगं होतं. कारणं तिला नेहमीच चटकन पटत.

तरी तिने दोन-तीन दिवस आणखी फोटो जमू दिले. मग मावशींना विचारलं.

४

"मावशी, दुपारी घरात कोण येतं?"

मावशी घरी जायला निघाल्या होत्या, पिशवी खांद्यावर. "कोण येणार?"

"खरं सांगा. मी रागावणार नाही." तिचा आवाज आधीच चढलेला होता.

"तुमच्याशिवाय कोण येतंय, ताई?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही येता तेवढंच. ठकी जेवून आडवी झाली की. मी असते माझी स्वयंपाकघरात. आतून तुमचं दोघींचं हसणं ऐकू येतं. पहिल्यांदा मी दारापर्यंत आले, तर तुम्हीच आतून म्हणालात, मावशी, आत येऊ नका, आमचा खेळ चाललाय. मी म्हटलं, ऑफिस जवळ आहे, जीव राहत नसेल, येत असेल बिचारी धावत. बरंच वाटलं मला."

"मी? मी एकदा तरी दुपारी घरी आलेय?"

मावशींनी तिच्याकडे निरखून पाहिलं. मग नजर वळवली, चारचौघांत कुणाची शिवण उसवली की आपण दुसरीकडे बघतो तशी. "नसाल आल्या," त्या हळूच म्हणाल्या.

तिथे थांबता आलं असतं. पण ती नजर तिला झोंबली होती.

"तुमची मुलगी येते ना? माझे कपडे घालून बसते माझ्या पोरीच्या खोलीत?"

"माझी मुलगी परगावी असते, ताई. तिच्या बाळाला ठकीचे जुने कपडे तुम्हीच दिले होते. विसरलात?"

विसरली नव्हती. म्हणूनच पुढचं वाक्य तिने आणखी मोठ्याने म्हटलं. "एवढ्याशा लेकराला कुणाच्याही हवाली करून तुम्ही खुशाल खुर्चीत बसून राहता? तिला एकटं टाकता? असलं माणूस मला घरात नको."

फोटो दाखवले असते तर निदान पुरावा झाला असता. पण मग फळीवरची शालही उचलावी लागली असती.

मावशींनी चपला घालायला वेळ लावला. गुडघे वाकत नव्हते. तिला वाटलं, पुढे होऊन धरावं. ती जागची हलली नाही.

"येते," मावशी दारात म्हणाल्या. "एक सांगू? दुपार झाली की पोर दाराकडे बघत बसतं. तेवढं येत जा हो."

५

तिने रजा काढली. घरात आता ती आणि ठकी. कॅमेरा फळीवर होता, चक्री हसऱ्या तोंडावर होती, आणि तो मुक्याने बसून होता. तिने बोटांचा ससा केला, डोक्यावर पातेलं घातलं, मांजर, कावळा, रेल्वेचं इंजिन, सगळे आवाज काढले. ठकीने सगळं सहन केलं.

दुपारी ठकी आपली छोटी खुर्ची फरफटत खोलीच्या दारासमोर नेई आणि बसून राही. एकदा आईने तिला उचलून मांडीवर घेतलं. ठकीने अंग चोरलं, पण बसली. दाराकडे बघत म्हणाली, "आई कुठे गेली?"

"ही काय आई. मी आई."

ठकीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. वाद घालावा असं तिला वाटलं नसावं. पुन्हा दाराकडे बघत तिने विचारलं, "आई कधी येणार?"

मुलं असं बोलतात. लहान मुलांच्या मनात माणूस आणि जागा यांची सरमिसळ होते, असं तिने एका पुस्तकात वाचलं होतं. वाचलं म्हणजे तपासलं होतं. त्या पानावर तीन चुका होत्या.

त्या संध्याकाळी ती बाल्कनीत वाळलेले कपडे काढत होती. घड्यांचा ढीग कवेत घेऊन आत आली तर नवरा बाहेरच्या खोलीत बूट काढायचं थांबवून, कान देऊन बसला होता. चेहरा एकदम उजळलेला.

"काय चाललं होतं तुमचं आत? किती दिवसांनी या घरात असं हसणं ऐकलं! आणि तूसुद्धा काय हसतेस गं. मी म्हटलं, आत जायला नको, मोडेल."

तिच्या हातातले कपडे त्याला दिसत होते. बाल्कनीचं दार तिच्या पाठीमागे उघडं होतं. पण माणसाला जे हवं असतं तेच तो बघतो.

नाही म्हणायचं होतं. मी बाहेर होते, आत जा, बघ कोण आहे, असं ओरडायचं होतं. पण तो तिच्याकडे ज्या नजरेने बघत होता, त्या नजरेने त्याने कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

"हं," ती म्हणाली. "जरा मस्ती करत होतो."

आणि मग कपड्यांच्या घड्या पुन्हा मोडून पुन्हा घातल्या, कारण आत जायची हिंमत नव्हती. मावशी खोटं बोलत नव्हत्या, हे तिला त्याच क्षणी कळलं. फोन मात्र केला नाही.

६

समोरच्या इमारतीच्या जिन्यातून ठकीची खिडकी दिसते, हे तिला ठाऊक होतं. ठकी दुपारी झोपली. "दूध घेऊन येते हं," असं तिने झोपलेल्या मुलीला सांगितलं. घरात दूध होतं. दाराला कुलूप लावताना, मावशींना ऐकवलेले शब्द आठवू नयेत म्हणून ती किल्ल्या खुळखुळवत राहिली. एवढ्याशा लेकराला. एकटं. ती तर आणखी पुढे गेली होती. गळाला लावून ठेवलं होतं.

समोरचा जिना रिकामा होता. कुणाच्या तरी घरात नळ चालू होता, कुठे तरी कुकर शिट्टी द्यायच्या बेतात होता. कठड्यावर कोपरं टेकवून तिने कॅमेरा चालू केला. नळी कुरकुरत बाहेर आली. पट्टी सरकू लागली. खिडकी मोठी झाली, गज पुसट होऊन विरले, अर्धा पडदा आला. चित्र पाण्यातल्यासारखं हलत होतं. रेघेपाशी येताच तिने अंगठा उचलला. पलीकडे जायचं नाही. पदरचं काही नको.

पलंगावर ठकी उभी होती. उड्या मारत होती.

तिच्यासमोर, खिडकीकडे पाठ करून, कुणीतरी बसलं होतं. मोहरीच्या रंगाची पाठ. अंबाडा. अंबाड्यात लाल पेन्सिल.

नकळत तिचा हात मागे गेला. तिची पेन्सिल तिच्या अंबाड्यात होती.

त्या बाईने पेन्सिल उपसली, वरच्या ओठावर आडवी धरली, मिशीसारखी, आणि मान डोलावली. ठकी हसून हसून आडवी झाली. आवाज एवढ्या लांब येत नव्हता. नुसतं उघडं तोंड आणि तो वाकडा दात.

एवढंच होतं. इतकं सोपं.

धावायला हवं होतं. कुठलीही आई धावली असती. ती धावली नाही. कठड्याला टेकून ती बघत राहिली, पेन्सिल कशी धरते, मान किती तिरकी करते, ठकी लोळली की लगेच गुदगुल्या करते की थोडं थांबते. थोडं थांबत होती. भीती वाटत होतीच. पण भीतीच्याही खाली, खूप जुनं, दुसरं काहीतरी दुखत होतं. परीक्षेत शेजारणीच्या पेपरात डोकावणाऱ्या मुलीसारखी ती बघत होती.

मग ती पाठ वळू लागली. आधी खांदा, मग कानाची पाळी, मग गाल. खिडकीबाहेर, इमारतींमधल्या मोकळ्या जागेपलीकडे, अंधाऱ्या जिन्यात, नेमकी भिंगात नजर आली.

खट्!

तिचं बोट बटणावर नव्हतं. चक्री हसऱ्या तोंडावरच राहून गेली होती.

तिने पट्टीकडे पाहिलं. ती रेघेच्या अलीकडे होती.

जिने, अंगण, पुन्हा जिने, कुलपात न जाणारी किल्ली. खोलीत ठकी एकटीच पलंगावर बसली होती, गाल लाल, तोंड अजून हसण्याने उघडं. आईला दारात बघितलं आणि ते हळूहळू मिटलं.

तिने अंबाड्यातून पेन्सिल काढली. ओठावर आडवी धरली. मान तिरकी केली, जितकी पाहिली होती नेमकी तितकी. ठकी शांतपणे बघत राहिली. पेन्सिल घसरून खाली पडली. ठकी वाकली, तिने ती उचलली आणि आईच्या हातात परत दिली, पाहुण्यांची पडलेली वस्तू द्यावी तशी.

७

फोटो तिने पुसला नाही. पुसायला घेतला, कॅमेऱ्याने 'नक्की?' असं विचारलं, आणि ते तिला नक्की सांगता येईना. मागे ठकी हसून लोळली होती. पुढच्या चेहऱ्याचा अर्धा भाग पडद्याआड होता. उरलेला तिचाच होता. हसू मात्र अर्धं नव्हतं.

नवऱ्याला तो सापडलाच. "हा कुणी काढला? बाहेरून काढलाय का?"

"समोरच्या बाईंनी."

"फार छान आलीस गं! अशी तू मला कधी फोटोत सापडतच नाहीस." त्याने तो सासूबाईंना पाठवला. रविवारी फोन आला. "हसते की गं पोरगी! आणि तूसुद्धा. बघ, म्हणत नव्हते? सगळं आईवरच असतं."

"हो," ती म्हणाली.

रजा संपत आली तेव्हा तिने मावशींना फोन लावला. माफीची वाक्यं लिहून, खोडून, सुधारून ठेवली होती. पलीकडून "बोला ताई" ऐकू आलं आणि तिला एवढंच म्हणता आलं, "याल का?"

मावशी म्हणाल्या, "येते. गुंतलाय जीव पोरीत, काय करणार. पण एकदा साफ सांगून टाका. दुपारच्या तुम्ही येणार ना? म्हणजे मी कुठे बसायचं ते कळेल. पुन्हा बोलणी नकोत."

ठकी छोट्या खुर्चीवर बसून दाराकडे बघत होती. हात मांडीवर, पाठ ताठ, स्टेशनवर कुणाची वाट बघत बसावं तशी. ती रोज तशी बसे. कालपासून जेवलीही नव्हती धड.

"हो," ती म्हणाली. "मी येईन दुपारची."

"मग मी माझी स्वयंपाकघरात."

"हो. आत जाऊ नका."

कामावर परत जायच्या आदल्या संध्याकाळी तिने खुंटीवरचा गाऊन घेतला. अर्धं तुटलेलं बटण ठकीच्या गालाला लागलं असतं. ते काढून तिने नवं शिवलं, दोऱ्याला गाठ मारली, टोक दातांनी तोडलं. लाल पेन्सिल खिशात ठेवली. ऑफिसात दुसरी मिळते. मग गाऊन पुन्हा खुंटीला लावला, खांदे नीट बसवून.

सकाळी ठकी दारापर्यंत आली. आईने तिला कधी नव्हे ते टाटा केला. ठकीनेही हात हलवला, लगबगीने, उशीर करणाऱ्याला घाई करावी तसा.

दार लोटून ती जिना उतरली, भरभर, हसणं ऐकू यायच्या आत.